मुकी गाडी

जाम गावच्या चौकातल्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. आजारी बाबांना दर आठवड्याला नागपूरच्या दवाखान्यात न्यायला मी जुनी इलेक्ट्रिक गाडी घेणार होतो. बाबांचं सांगून, मालकाला सोबत घेऊन ती तपासायला त्याच्याकडे नेली. त्यानं सवयीनं बोनेटला कान लावला आणि तो चिडलाच.

"डिझेल गाडी बिमार असली तर खोकते तरी. हे तं मुकी हाये!"

मालक म्हणाला, "भाऊ, बॅटरी एकदम मस्त."

"मंग एका चार्जिंगवर एसी लावून नागपूरले जाऊन येऊ. चाला!"

मालकाला नेमकं तेव्हाच काम आठवलं.

"सर, याच्यात बाबांले बसवू नका," मिस्त्री हात पुसत म्हणाला.

महिनाभर शोधून सापडलेली गाडी गेली. चरफडतच मी त्या आठवड्यातही बाबांना एसटीनं नेलं. बाबा मात्र वाटेत निवांत झोपले.