कोपऱ्यातली ढील

पंचफुलाबाईंनी मोर्शी तालुक्यात किती शेततळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरला, हे त्यांनाही सांगता येत नाही. कागदावर अनवाणीच उतरायचं आणि चारही कोपऱ्यांत हातभर ढील सोडायची, ही त्यांची रीत. आमच्या तळ्यात मात्र मी शहाणपणा केला. बाई जेवायला बसल्या तेवढ्यात चार माणसं लावून कागद चांगला ताणला आणि कडा काठावरच्या चरात पुरून टाकल्या. फोटोत तळं कसं इस्तरी केल्यासारखं दिसलं!

"काहून ताणला, शेखरभाऊ?" बाई म्हणाल्या. "पानी बसलं का कागद खाली सरकते. त्याले जागा लागते."

"चुन्या दिसतेत फोटोत," मी म्हणालो. मालक मी होतो ना.

कालव्याला पाणी चारच दिवस. ते तळ्यात साठलं तरच संत्र्याची चारशे झाडं मे महिना काढणार; विहीर तर एप्रिललाच तळ गाठते. मोटर सुरू केली त्या दिवशी बाई न बोलावता आल्या आणि कोपऱ्याशी बसल्या. मला रागच आला.

पाइपच्या धारेखाली निळा कागद थरथरत होता, लाटा उठून दूरवर पसरत होत्या. त्यांच्याकडे बाई बघतही नव्हत्या. पाणी कमरेएवढं चढलं तेव्हा त्यांनी कोपऱ्यावर पाय दाबून पाहिला. कागद मातीला टेकलाच नव्हता. ढोलकीच्या कातड्यासारखा तो अधांतरी तट्ट झाला होता आणि ताणून ताणून पांढुरका पडत चालला होता.

"मोटर बंद करा! अन् फावडं आना!" बाई ओरडल्या.

आम्ही चर उकरायला लागलो. एक घाव चुकला की कागदच कापला जाणार, म्हणून शेवटची माती आम्ही बोटांनी काढली. बाईंनी कड इंचाइंचानं सोडली. कागद सरसरत खाली गेला, कोपऱ्यात बसला आणि भराभर चुण्या पडल्या. इतक्या देखण्या चुण्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. मग उरलेले तीन कोपरेही सोडले आणि मोटर पुन्हा लावली.

"बाई, तुमचं काम तं परवाच झालं होतं," मी विचारलं. "मंग आज काहून आल्या?"

पायाची माती धुता धुता त्या म्हणाल्या, "कागद फाटला असता, तं तुमी कोनाचं नाव सांगतलं असतं?"

मोटर बंद केली तेव्हाच ते नाव माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं.