नाथातात्यांनी पारखलेली गाडी

“भाव कानावर पडला की डोळे फितूर होतात.”

सायखेड्याचे नाथातात्या हे वाक्य आयुष्यभर बोलत आले. कधी बांधावर, कधी पारावर, कधी कोणाच्या ओट्यावर चहाची बशी फुंकता फुंकता. एवढं बोलायचे आणि उठून चालू लागायचे, कारण पुढचं बोलणं भावाचं असायचं, आणि भावाच्या बोलीला ते कधी थांबत नसत.

ही रीत बैलबाजारातली. तात्या तरुण असताना गावातला कोणी बैल घ्यायला निघाला की आधी त्यांच्या दारात येई. तात्या बैलाचे दात बघत, खूर उचलून बघत, चढावर आणि उतारावर चालवून बघत. जनावर चांगलं की वाईट ते एका वाक्यात सांगत आणि बाजाराच्या कडेला जाऊन पाठमोरे बसत. इकडं भाव ठरवायला रुमालाखाली बोटं दाबली जात, तिकडं तात्या झाडाच्या शेंड्याकडं बघत. त्यांचं म्हणणं असं, की स्वस्त आहे हे कळलं की लंगडा बैलसुद्धा सरळ चालताना दिसतो. म्हणून पारख करणाऱ्यानं भाव ऐकू नये. पैसे तर घेऊच नयेत. नारळ दिला तर घ्यावा, आणि त्यातला अर्धा शेजाऱ्याला द्यावा.

पुढं बैल गेले. ट्रॅक्टर आले, जुन्या जीपा आल्या, मग शहरातल्या लोकांनी वापरून काढलेल्या मोटारी आल्या. तात्या बदलले नाहीत. त्यांनी कोण्या मिस्त्र्याच्या हाताखाली काम केलं नव्हतं, पुस्तक वाचलं नव्हतं. बघत बघत शिकले. गाडीखाली गोणपाट टाकून आडवे व्हायचे. इंजिन गार असतानाच चालू करायला लावायचे. बॉनेटवर तळहात ठेवला आणि पत्रा कोमट लागला, तर न बोलता माघारी वळायचे, कारण सकाळी तापवून ठेवलेली गाडी काहीतरी लपवत असते. आणि दाराच्या कडेचं रबर उचलून आत बोट घालायचे. गोदावरीचा गाळ सायखेड्याच्या माणसाला शिकवावा लागत नाही. पुरात बुडालेली गाडी कितीही धुवा, अत्तर फवारा, त्या फटीत चिमूटभर गाळ राहतोच. तो वाळला की बोटाला पिठासारखा लागतो. अशी गाडी निघाली की तात्या ते बोट विकणाऱ्याच्या नाकासमोर धरायचे आणि म्हणायचे, “ही माती आमच्या घरची हाय. मी ओळखतो हिला.”

भाव ठरवायला मात्र कोणीतरी लागायचं. ते काम तात्यांचा मुलगा अमोल करायचा. तो बोलायला गोड, हिशेबाला पक्का. तात्यांनी गाडी बघायची, तात्या बाहेर गेले की अमोलनं घेणाऱ्याच्या बाजूनं बोलायचं. गावाला हे सोयीचं होतं, आणि सोयीच्या गोष्टीकडं कोणी निरखून बघत नाही.

गेल्या डिसेंबरात तात्यांच्या पुतणीला गाडी घ्यायची होती. तेजस्विनी तिचं नाव. तिचा बाप, म्हणजे तात्यांचा धाकटा भाऊ, ती कॉलेजात असतानाच गेला. ती आता एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत फवारणीच्या औषधाचा अंश किती राहिलाय ते तिथं तपासतात. त्यासाठी दिंडोरीकडच्या बागाबागांतून घड तोडून आणायचे, पिशवीवर नाव घालायचं आणि बर्फाच्या डब्यातून संध्याकाळपर्यंत पोचवायचे, हे तिचं काम. दोन वर्षं तिनं ते स्कूटरवर केलं. बागेच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकोरीत दोनदा पडली, दुसऱ्या वेळी मनगट मोडलं. द्राक्षात पाणी उतरायच्या आत, म्हणजे तोडणीचा हंगाम सुरू व्हायच्या आत तिला उंच चाकांची गाडी हवी होती. नवी परवडत नव्हती.

शहरात द्वारका चौकाच्या पुढं योगेशशेठचं जुन्या गाड्यांचं आवार आहे. तिथं तिला हवी तशी एक होती. आखूड, उंच, मातकट लाल रंगाची, मागच्या दाराला स्टेपनी टांगलेली. स्वस्तही होती, कारण तिच्या परदेशी कंपनीनं आपल्याकडचा कारखाना केव्हाच बंद केला होता.

घरात हे कळलं तेव्हा तात्यांची बायको धोंडाबाई चुलीपुढून म्हणाल्या, “जिला मायबाप नाय ती गाडी कशाला दारात आणायची?”

तात्या म्हणाले, “बैल विकणारा गाव सोडून गेला म्हणून बैल मरतो का?”

तरी ते तेवढ्यावर थांबले नाहीत. दोन मिस्त्र्यांकडं जाऊन आले. हिचे सुटे भाग मिळतात का, किती दिवसांनी मिळतात, कोणता भाग अडतो, सगळं विचारलं. तेजस्विनीनं चार वर्षं एकेक रुपया बाजूला टाकला होता आणि तात्यांच्या शब्दाशिवाय ती त्याला हात लावणार नव्हती. तिनं तसं सांगितलंही होतं. “तात्या, तुम्ही हो म्हणाल तर घेते.”

मंगळवारी सकाळी तात्या, तेजस्विनी आणि अमोल आवारात पोचले. तात्यांनी नेहमीसारखं सगळं केलं. बॉनेट गार होतं. खालून बघायला त्यांना अर्धा तास लागला. रबराच्या फटीतून बोट कोरडं, स्वच्छ निघालं. गाडी त्यांनी चालवायला लावली, स्वतः शेजारी डोळे मिटून बसले आणि द्वारकेच्या गर्दीत, रिक्षांच्या आणि ट्रकच्या भोंग्यांत, तिचा एकेक आवाज वेगळा काढून ऐकला. परत आल्यावर खाली उतरून म्हणाले, “क्लचला दोन वर्षांनी काम निघंल. बाकी गाडी इमानी हाय.” आणि समोरच्या टपरीवर जाऊन बसले.

आत काय झालं ते असं. तेजस्विनीनं भाव कमी करायला सांगितलं. अमोलला फोन आला म्हणून तो उठून आवाराच्या टोकाला गेला होता. योगेशशेठनं तिच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला आणि अगदी अदबीनं म्हणाला, “ताई, माझ्याकडं आता काही राहत नाही. त्यात तात्यांचे पंचवीस हजार आहेत. ते मला कापता येत नाहीत. ते तुम्ही घरातल्या घरात बघा.”

ती उठली आणि रस्ता ओलांडून टपरीवर आली. तात्यांच्या समोर उभी राहिली. तिचं मनगट, ते मोडलेलं, तिनं दुसऱ्या हातात धरलं होतं.

“तात्या, लोकांचे घेता ते घेता. माझे पण घेणार होता?”

तात्यांना आधी कळलंच नाही. त्यांनी बशी खाली ठेवली. काय घेणार होतो, असं विचारलं. तिनं आकडा सांगितला. योगेशशेठ काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगितलं.  तात्या उठले, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा, भाव चालू होता त्या खोलीत शिरले.

खोलीत गारवा होता, काचेचं टेबल होतं. अमोल परत येऊन खुर्चीवर बसला होता. बापाला दारात बघून तो उभा राहिला, तेव्हाच तात्यांना निम्मं समजलं.

“योगेशशेठ, माझे कसले पैसे?” त्यांनी विचारलं.

योगेशशेठ गोंधळला. त्यानं अमोलकडं पाहिलं, अमोलनं भिंतीकडं. मग त्या माणसानं काय करावं, तर समजूत घातली. “तात्या, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? प्रत्येकाचंच असतं. बाकीचे तर पन्नास मागतात. तुमचा हात गाडीला लागला की गिऱ्हाईक डोळे झाकून घेतं, त्याचं हे मानधन समजा. अमोलभाऊ दर वेळी नेतात. आम्ही कधी उशीर केला नाही.”

मला राग येतो तो ह्या शेवटच्या वाक्याचा. कधी उशीर केला नाही म्हणे. एका माणसानं आयुष्यभर गोणपाटावर पडून, कपड्याला ऑईल लावून घेऊन, लोकांचा जो विश्वास जोडला, तो ह्या काचेच्या टेबलावर वेळच्या वेळी विकला जात होता, आणि पैसे मोजणाऱ्याला त्याचा अभिमान होता.

“किती गाड्या?” तात्यांनी मुलाला विचारलं.

अमोल म्हणाला, बाहेर बोलू.

“हितंच. तिच्या म्होरं सांग.”

“अकरा,” अमोल म्हणाला. मग त्याचाही बांध फुटला. आपण चोरी केली नाही, म्हणाला. विकणारा देतो, घेणाऱ्याच्या खिशातून थोडंच काढतो. तुम्ही नारळावर खूश, घर नारळावर चालतं का? विहिरीवरची मोटार जळाली तेव्हा नवी कुठून आली, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कशावर झालं, हे तुम्ही कधी विचारलंत का?

तात्यांनी खरंच विचारलं नव्हतं. भाव ऐकायचा नाही ही सवय इतकी अंगात मुरली होती की घरात आलेल्या वस्तूचाही भाव त्यांनी कधी विचारला नाही. मुलगा कर्ता झाला, घर चालवतो, एवढंच ते धरून चालले. ही त्यांची चूक, आणि ती त्यांना त्या खोलीत उभ्या उभ्या दिसली.

“मोटार जळाली होती, तर बाग वाळू द्यायची होती,” ते म्हणाले. “माझ्या डोळ्यादेखत वाळली असती. मी बघितली असती.”

“तात्या, बसून घ्या,” योगेशशेठ म्हणाला. “सगळी तुमच्याच गावची माणसं आहेत. सुनीलभाऊंनी गेल्या वर्षीच्या दिवाळीत नेली, त्यांना तर मी सांगितलंही होतं, तात्यांचं धरून रेट लावलाय म्हणून. ते म्हणाले, असू द्या, म्हाताऱ्याला मिळालंच पाहिजे.”

 सुनील हा तात्यांच्याच आळीतला. द्वारकेजवळ त्याचं टायरचं दुकान आहे. गाडी घेतल्यावर तो नारळ आणि पेढे घेऊन आला होता, तात्यांच्या पाया पडला होता. म्हणजे पाया पडतानाही त्याला वाटत होतं, की ह्या म्हाताऱ्यानं आपले पैसे खाल्लेत. आणि त्यानं माफ केलं होतं. न केलेल्या चोरीची माफी तात्यांच्या डोक्यावर वर्षभर बसून होती आणि त्यांना तिचा भार कळला नव्हता.

तेजस्विनीचे डोळे भरले. ती म्हणाली, मला ही गाडी नको, चला घरी. आणि म्हणाली, “तात्या, मी तसं विचारायला नको होतं.”

“तू विचारलंस,” तात्या म्हणाले. “अकरा जणांनी नाय विचारलं. मनातल्या मनात मला चोर केला आणि माझ्या घरचा चहा पिऊन गेले.” मग ते योगेशशेठकडं वळले. आवाज चढला नाही, पण बाहेर गाड्या पुसणारी माणसं हातातलं फडकं थांबवून ऐकत होती. “गाडी चांगली हाय. तिनं काय पाप केलं नाय. ते पंचवीस हजार कमी कर आणि माझ्यासमोर कागद कर. आज मी भावाला थांबणार हाय.”

आणि ते थांबले. खुर्ची दिली ती घेतली नाही. योगेशशेठनं आकडा खोडून दुसरा लिहिला तो त्यांनी तेजस्विनीकडून दोनदा वाचून घेतला. तिनं सह्या केल्या, पैसे फोनवरून गेले, किल्ली आली. ह्या सगळ्या वेळात अमोल दाराबाहेर जाऊन उभा होता. त्याला आत ये म्हणायला कोणाचं तोंड उघडलं नाही, आणि जा म्हणायलाही नाही.

बाहेर आल्यावर तेजस्विनीनं तात्यांसाठी पुढचं दार उघडलं. तात्यांनी ते हातानं लावून घेतलं. म्हणाले, “तू हो म्होरं. आधी सुनीलच्या दुकानात जातो. मग राहिलेले दहा.”

“मी सोडते तुम्हाला. जवळच आहे.”

“नको. गाडीतून उतरलो तर त्याला वाटंल, ह्यातही माझा वाटा हाय.”

अमोल पुढं झाला. म्हणाला, तात्या, मी येतो बरोबर, मीच सांगतो त्यांना. तात्यांनी त्याच्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं, जनावराकडं पाहायचे तसं, दातांपासून खुरांपर्यंत. “तुला मी कधी बघितलंच नाय,” ते म्हणाले. “घरचा म्हणून.”

मग त्यांनी टोपी नीट केली आणि रस्त्याला लागले. उन्हं वर आली होती. द्वारकेच्या चौकात चारी बाजूंनी गाड्या येत होत्या, आणि त्यांच्या मधून एक म्हातारा माणूस, पाठीला अजून आवारातली माती लागलेली, हात वर करून एकेक गाडी थांबवत पलीकडं चालला होता. गाडीच्या काचेतून तेजस्विनी बघत होती. आवाराच्या दारातून अमोल बघत होता. मधून एक ट्रक गेला, मग बस गेली, आणि बस गेल्यावर दोघांनाही पलीकडच्या कडेला ती पांढरी टोपी दिसली, टायरच्या दुकानाच्या दिशेनं जाताना.