एव्हरेस्ट आणि वांगी

नांदुऱ्याहून संग्रामपूरला जाणाऱ्या बसमध्ये ती बाई बाजाराच्या दिवशी हटकून भेटायची. पायांत वांग्यांची पाटी घट्ट धरलेली आणि नजर मोबाइलवर. कोणीही लिहू शकेल अशा इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात, एव्हरेस्टच्या पानावर तिचं भांडण चाललं होतं. कुणी एक जण ‘जगातला सर्वांत सुंदर पर्वत’ असं लिहायचा. ही ‘सर्वांत सुंदर’ खोडायची. तो परत लिहायचा, ही परत खोडायची. ओठ आवळून, पण एकही वावगा शब्द न लिहिता.

“राहू द्या की,” मी एकदा म्हटलं. “खोटं थोडंच आहे?”

“काऊन राहू देऊ?” ती उसळली. “उंची मोजली हाय, ते लिहा ना. सुंदर कोनं मोजलं? मीबी माह्या वांग्यायले एक नंबर म्हनते. पन मले ते विकाचे हायेत. याले पर्वत विकाचा हाय का?”

मी तिच्या पाटीतल्या वांग्यांकडे बघितलं.

संग्रामपूर आलं तेव्हा तो शब्द पुन्हा आला होता. तिने तो शांतपणे खोडला, मोबाइल कमरेला खोचला, पाटी डोक्यावर घेतली. खाली उतरताच तिचा आवाज अख्ख्या स्टँडवर घुमला, “या हो या! जगात नाही असे सुंदर वांगे!”