तिसऱ्या रांगेतला प्रश्न

वाचनालयातल्या पोरांनी बाईंचं नाव 'शूबाई' ठेवलं होतं, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. सव्वीस वर्षं ओठांवर बोट ठेवून ज्या बाईनं भल्याभल्यांना गप्प बसवलं, तिला पोरं आणखी काय म्हणणार? बाईंना त्याचा राग नव्हता. एखाद्या आजोबांनी वर्तमानपत्र जरा जोरात फडफडवलं, की बाई स्वतःच वाचनालयाच्या शिपायाला म्हणायच्या, "जा, सांग त्यांना, शूबाई बघतायत म्हणावं."

दिसायला किरकोळ, चालायला तुरुतुरु आणि बोलायला फटकळ. पुस्तकाचं पान कुणी दुमडलेलं दिसलं की त्यांचा दिवस वाईट जायचा. पण त्यांचा खरा जीव होता शनिवारच्या गटात. तेरा ते सतरा वर्षांची मुलं आधी वाचनालयात यायची ती फक्त पंख्याखाली बसून गाइडं उतरवायला. बाई समितीशी भांडल्या. अध्यक्ष म्हणाले, "या वयाची पोरं वाचत नसतात हो." बाई म्हणाल्या, "त्यांना विचारलंय का कुणी?" दोन वर्षं डोकं खाल्ल्यावर वरच्या मजल्यावरची जुन्या अंकांची खोली मिळाली. शनिवारी चार ते सहा. पहिल्या शनिवारी तीन मुलं आली, त्यातली दोन पावणेपाचला पळाली. पाच वर्षांनी खुर्च्या खालून वर न्याव्या लागायला लागल्या.

वर्षातून दोनदा या गटाला भेटायला एखादा लेखक यायचा. त्या कार्यक्रमाची बाईंची एक ठरलेली पद्धत होती. मुलांनी आधीच्या शनिवारी आपला प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा. बाई सगळ्या चिठ्ठ्या घरी नेऊन त्यातल्या आठ निवडायच्या. प्रश्न फार लांबला असेल तर कापायचा, व्याकरण सुधारायचं आणि आपल्या गोल अक्षरात जाड कार्डावर उतरवून ज्याचा त्याला परत द्यायचा. "तुम्हाला लिहायची प्रेरणा कुठून मिळते" असं लिहिणाऱ्याची चिठ्ठी थेट टोपलीत. नियम एकच होता, ज्याचा प्रश्न त्यानं उठून विचारायचा. हा नियम बाईंनीच केला होता आणि तो मोडलाही बाईंनीच.

तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला एक मुलगी बसायची. चौदा वर्षांची, हडकुळी, बोलताना अडखळायची. एकेका अक्षरावर अशी अडकायची की ऐकणाऱ्याचाच श्वास कोंडावा. लेखकांच्या एका भेटीच्या महिनाभर आधी मोठ्यानं वाचायची तिची पाळी आली, तेव्हा 'म'वर तिची गाडी जी थांबली ती हलेचना. मागं दोन पोरं खुसखुसली. बाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांचे चेहरेच पडले, पण पुस्तक बाईंनी मुलीच्या हातातून घेतलं आणि पुढचं स्वतः वाचलं. आपण तिची सुटका केली, असं त्यांना मनापासून वाटलं होतं.

त्या भेटीला यायचे होते ते लेखक चांगले नावाजलेले. अध्यक्ष पहिल्या रांगेत बसणार, फोटोग्राफर येणार. बाई चिठ्ठ्या चाळत होत्या आणि नाक मुरडत होत्या. मग त्या मुलीची चिठ्ठी हाती आली. 'तुमच्या गोष्टीत वडील पहाटे परत येतात तेव्हा दार उघडं असतं. पण घरात तर सगळे झोपलेले असतात. मग दार कुणी उघडलं?' बाईंनी चहा बाजूला ठेवला, उठून पुस्तक काढलं आणि ते पान पाहिलं. खरंच की! ही गोष्ट त्यांनी स्वतः चारदा वाचली होती. या चिठ्ठीतला एक शब्दही कापावासा वाटला नाही. पहिला प्रश्न हाच घ्यायचा, हे तिथंच ठरलं.

मग तो अडकलेला 'म' आठवला. भरल्या सभेत ही पोर 'द'वर अडकली तर? अध्यक्ष घड्याळ बघतील, पोरं हसतील, ती जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही. बाईंनी ते कार्ड गटातल्याच एका वकिलांच्या मुलीला दिलं. वकिलांची मुलगी म्हणजे खणखणीत आवाज, स्पष्ट उच्चार आणि कुणालाही न घाबरणारी. कार्यक्रमाच्या दिवशी दारात ती हडकुळी मुलगी दिसली, तेव्हा बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझा प्रश्न पहिला घेतलाय हं. ताई विचारेल, तू निवांत ऐक." मुलीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात माइक खरखरायला लागला आणि बाई तिकडे पळाल्या.

वकिलांच्या मुलीनं प्रश्न झकास विचारला. लेखक हसून म्हणाले, "अकरा वर्षं झाली या पुस्तकाला, हे मला कुणीच विचारलं नव्हतं. आधी त्या घरात एक धाकटी मुलगी होती. ती जागी असायची, दार तीच उघडायची. पुढं गोष्ट लांबायला लागली म्हणून मी तिला काढून टाकलं. मुलगी गेली आणि दार तसंच उघडं राहिलं." सभागृहात टाळ्या पडल्या. लेखकांनी विचारलं, "नाव काय गं तुझं? असं वाचणाऱ्यानं लिहायला पाहिजे. लिहिलंस तर मला पाठव, मी वाचेन." वकिलांच्या मुलीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी एवढंच म्हणायचं होतं की प्रश्न तिसऱ्या रांगेतला आहे. दोन सेकंदांचं काम होतं. पण कार्यक्रम असा रंगला होता, अध्यक्ष मान डोलावत होते, आणि मध्येच उठून 'आम्ही मुलांचे प्रश्न दुसऱ्यांकडून वदवतो' असं कबूल कसं करायचं? बाईंनी नजर कार्डांकडे वळवली. वकिलांच्या पोरीनं आपलं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात लेखकांशेजारी तिचाच फोटो होता.

ती पोर काही वाईट नव्हती. पुढच्या शनिवारी स्वतःहून आली आणि म्हणाली, "बाई, मी सांगायला हवं होतं ना?"

"राहू दे गं," बाई म्हणाल्या, "मी बघते काय ते."

काय बघितलं? काही नाही. तिसऱ्या रांगेतली खुर्ची त्या शनिवारी रिकामी होती. बाईंनी स्वतःची समजूत घातली की परीक्षा असेल. त्याच्या पुढच्या शनिवारी म्हणाल्या, आजारी असेल. मग तिचं घरी नेलेलं पुस्तक कुणीतरी खाली काउंटरवर ठेवून गेलं, मुदतीच्या आत आणि एकही पान न दुमडलेलं. तेव्हा बाईंना कळायचं ते कळलं. त्या लेखकांना पत्र लिहायला बसल्या. पहिल्या पत्रात 'गडबडीत' असं लिहिलं, दुसऱ्यात 'नजरचुकीने'. दोन्ही खोटं होतं, दोन्ही फाडली. खरं लिहायला त्यांना सात महिने लागले. दुसऱ्याचा प्रश्न दोन ओळींत बसवणाऱ्या बाईंना स्वतःची चूक मात्र दोन पानांतही मांडता येत नव्हती!

लेखकांचं उत्तर आठ दिवसांत आलं. 'त्या मुलीला माझा पत्ता द्या. तिनं मला लिहावं. मी वाट पाहतो.' बाई ते पत्र घेऊन त्याच संध्याकाळी मुलीच्या घरी गेल्या.

दोन खोल्यांचं घर. मुलगी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत होती. एवढ्या महिन्यांत उंच झाली होती. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. बाईंनी पत्र पुढं केलं आणि सव्वीस वर्षांत कुणाची मागितली नव्हती अशी माफी मागितली. मुलीनं पत्र दोनदा वाचलं.

"मी प-प-पाठ केला होता प्रश्न," ती म्हणाली. "आठ दिवस. गच्चीवर जाऊन. न अडकता येत होता."

बाईंना तिचं ते बोलायला उघडलेलं तोंड आठवलं. त्या दिवशी दारात ती हेच सांगणार होती.

"आणि आ-आईला बोलावलं होतं. ती अर्धी रजा काढून आली होती. म-मागं बसली होती."

बाईंना त्या दिवशीची पहिली रांग अख्खी आठवत होती. अध्यक्षांनी शर्ट कोणता घातला होता तेही आठवत होतं. ही आई मात्र आठवेना, कारण बाईंनी मागं पाहिलंच नव्हतं.

एवढ्यात आई कामावरून आली. रुग्णालयाच्या धुलाईघरात होती ती. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत तिनं बाईंना ओळखलं आणि बिचारी ओशाळली.

"बाई, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? मीच येणार होते. तुम्ही एवढी संधी दिलीत आणि हिनं ऐन वेळी कच खाल्ली. घाबरली हो. फार मनावर घेऊ नका, तिला जमत नाही बोलायला."

मुलगी वहीकडे बघत राहिली. बाई उठून उभ्या राहिल्या.

"ती घाबरली नव्हती," बाई म्हणाल्या. "मी घाबरले. टाळ्या पडल्या ना पहिल्या प्रश्नाला, तो हिचा प्रश्न होता. मी तो दुसरीला दिला. हिला विचारलंसुद्धा नाही."

आईनं आधी बाईंकडे पाहिलं, मग लेकीकडे. बाईंना वाटलं, आता ही मला चार शब्द सुनावणार, आणि सुनावलेले बरे. पण ती वळून लेकीजवळ गेली.

"मी तुला त्या दिवशी घरी येताना विचारलं होतं, घाबरलीस का म्हणून. तू हो म्हणालीस. खरं का नाही सांगितलंस गं?"

मुलीनं आईकडे पाहिलं. या वेळी ती कुठंच अडखळली नाही.

"खरं खूप लांब होतं, आई. हो म्हणणं सोपं होतं."