तपकिरी फायबरमधून आलेली हाक

या ग्रुपवर मी दोन-तीन वर्षं आहे, पण आजवर एक ओळ लिहिलेली नाही. लोकांच्या पांढऱ्या साड्या, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारी बाई... वाचायचं, आणि खाली हसणारा चेहरा टाकून झोपायचं. एवढंच माझं योगदान. त्यामुळे आता माझ्यावर कोणी हसलं तर तक्रार नाही. हसा खुशाल. मला स्वतःला हसता आलं असतं तर हे लिहायला बसलोच नसतो.

त्यात माझा धंदा असला. मी फायबर जोडतो. केसासारखी बारीक काचेची तार, तिच्यातून उजेड जातो आणि तोच तुमच्या घरी इंटरनेट म्हणून येतो. उजेड पलीकडं निघाला म्हणजे तार शाबूत. नाही निघाला म्हणजे कुठंतरी तुटलीय, शोधा आणि खणा. यात तिसरं काही नसतं. निदान मी तरी तसंच धरून चाललो होतो.

जागा सांगतो. वैरागहून माढ्याकडं जाताना एक फाटा आत जातो. खड्ड्यांतून हाडं खिळखिळी झाली की गाव येतं. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्यासमोर हे घडलं त्या रेखाताई तिथल्या पंचायतीत अजून कॉम्प्युटरवर काम करतात. गाव खोलगटात, फोनला रेंज म्हणजे औषधापुरतीसुद्धा नाही. पोरं परीक्षेचा फॉर्म भरायला वैरागला जायची. रेशनच्या मशिनला अंगठा लागायचा नाही म्हणून दुकानदार मशीन घेऊन शाळेच्या गच्चीवर बसायचा, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना धरून धरून जिन्यानं वर न्यायचे. किलोभर गव्हासाठी गड चढायचा! या गावाला फायबरनं नेट द्यायचं काम आमच्याकडं होतं.

आमच्याकडं म्हणजे आधी नागनाथमामाकडं. माझा सख्खा मामा, वैरागचा. जुन्या तांब्याच्या तारांपासून या धंद्यात. मलाही त्यानंच हाताला धरून शिकवलं, चुकलो की टपली मारून. त्याच्या दोन सवयी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

एक सवय टेपची. केबलच्या टोकाला काळी टेप गुंडाळली की शेवट दुमडून छोटासा कान ठेवायचा. म्हणायचा, "फुडच्याला नखानं शोधत बसाया नको."

दुसरी सवय हाक मारायची. आमचं काम दोन टोकांना दोघं बसून चालतं, मध्ये दोन-तीन किलोमीटर रान आणि रेंज शून्य. मग एक लाल पेन असतं, टॉर्चसारखं. ते तारेच्या या टोकाला लावलं की लाल उजेड थेट त्या टोकाला निघतो. तिकडच्यानं टोक तळहातासमोर धरायचं, डोळ्यासमोर कधीही नाही. हातावर लाल ठिपका पडला की तार बरोबर. बाकीचे तेवढंच बघतात. मामा मात्र त्या ठिपक्यानं बोलायचा. दोन तोकडे आणि एक लांब म्हणजे "ये, ये, येऽऽ". बांधावरून हाक मारतात ना, अगदी तशी. आणि माझ्याकडून एक लांब गेला की "आलोऽऽ". ही भाषा फक्त आम्हा मामाभाच्यांची. दुसऱ्या कुणाला शिकवायचं कधी कारणच पडलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मामा याच गावच्या केबलवर काम करत होता. मी तेव्हा नातेपुत्याकडच्या कामावर. गावापासून लांब, माळावर जोडणीचा खड्डा आहे, तिथं तो तंबू ठोकून बसला होता. त्या दिवशी पंचायत बंद, म्हणून समोरच्या टोकाला कोणी नव्हतं. मामा ठेकेदाराला म्हणाला म्हणे, "माझ्या बाजूची तयारी करून ठिवतो." आता फायबर वाऱ्यात जोडता येत नाही. धुळीचा कण बसला की जोड वाया. त्यामुळे तंबू चारी बाजूंनी बंद, आणि पंखा लावायचा तर सोयच नाही. सोलापूरचा मे महिना आणि बंद तंबू! संध्याकाळी गुरं घेऊन परतणाऱ्यांना मामा तंबूत निपचित पडलेला दिसला. डॉक्टरांनी ऊन लागलं म्हणून सांगितलं. लाल पेन त्याच्या मुठीत होतं, सेल पार उतरलेले. काम करता करताच गेला बिचारा, असं आम्ही सगळे म्हणालो.

पुढं काम बंद पडलं, ठेकेदार बदलला, केबल जमिनीत तशीच पडून राहिली. ते पेन मामीनं मला दिलं. माझं जुनं मोडलं होतं, म्हणून सेल बदलून आता मी तेच वापरतो.

यंदा मे महिन्यात नव्या ठेकेदारानं मलाच त्या गावाला पाठवलं. जोडीला सिद्राम. पोरगा अक्कलकोटकडचा. मराठीत भांडतो आणि शिव्या कानडीत देतो, म्हणजे कुणाला कळायला नको. मामाला त्यानं बघितलेलंही नव्हतं. मी त्याला तंबू आणि जोडणीचं मशीन देऊन माळावरच्या त्याच खड्ड्यापाशी उतरवलं. खड्ड्यातून केबलचं टोक वर काढलं तर त्यावर मामाची टेप, एक तपकिरी तार तेवढी बाहेर राहिलेली, आणि तो दुमडलेला कान अजून तसाच! मी तो धरून ओढला, टेप एका झटक्यात सुटली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

सिद्राम म्हणाला, "अण्णा, लई वाईट वाटतंय काय? तुमी जावा गावात. माझं मी बघतो हितलं."

"पाणी पीत राहा. आणि मधून मधून बाहेर येत जा."

"येप्पा! मी काय ल्हान लेकरू हाय काय?"

मी पिकअप घेऊन पंचायतीत आलो. रेखाताई दारातच उभ्या होत्या. इंटरनेटचं मशीन तिथं केव्हाच बसवलेलं, पण दिवा एकही लागलेला नाही. तरी बाई रोज त्याची धूळ पुसायच्या, आणि दसऱ्याला त्याला हळदीकुंकू लावून झेंडूची माळही घातली होती.

"महादेवभाऊ, आज तरी हुतंय का? का परत नारळ फोडाय लावताय?"

"आज होतंयच," म्हटलं आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत केबल सोलायला बसलो. आत निळी, नारंगी, हिरवी, तपकिरी अशा रंगांच्या तारा असतात. त्या पुसून एकेक वेगळी करत होतो. मध्येच खिसा चाचपला आणि कपाळावर हात मारला. पेन माझ्याकडंच! सिद्रामला द्यायचं विसरलो होतो आणि आमच्याकडं दुसरं पेन नव्हतं. म्हटलं, त्याचं आवरेपर्यंत जाऊन देऊन येऊ. घाई काय आहे?

तेवढ्यात माझ्या मनगटावर लाल ठिपका पडला.

तपकिरी तारेच्या टोकातून येत होता. लागला, विझला. रेखाताई हरखल्या. "अगंबाई! चालू झालं की!"

मी आधी हसलो. म्हटलं, सिद्रामनं गुपचूप नवीन पेन घेतलं वाटतं, मला दाखवून चिडवायला. त्याचा स्वभाव तसाच. मी टोक तळहातासमोर धरलं. एक तोकडा. एक तोकडा. मग लांब. जरा थांबून पुन्हा तेच.

अंगावर सर्रकन काटा आला.  खिशातलं पेन पुन्हा एकदा चाचपलं. होतं.

"काय हो भाऊ? तोंड असं का झालं?" रेखाताईंनी वाकून बघितलं. "हे तर हाक मारल्यागत करतंय की..."

त्यांना आमच्या भाषेतलं काही माहीत नव्हतं, हे लक्षात घ्या.

मी उठलो तो किल्ली घेऊन पळतच सुटलो. मागून त्या काहीतरी ओरडल्या, ऐकू आलं नाही. पिकअप त्या खड्ड्यांतून कशी नेली ते माझं मला ठाऊक. ऊन मी म्हणत होतं, माळावर चिटपाखरू नाही. लांबून तंबू दिसला. चारी बाजूंनी बंद.

"सिद्राम! ए सिद्राम!"

ओ नाही. चेन उघडली तर आतून भट्टीसारखी झळ तोंडावर आली. पोरगा जोडणीच्या मशिनवर पालथा. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, डोळे अर्धवट उघडे. पाण्याचा कॅन शेजारीच होता, पण झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं. त्याला ओढून बाहेर काढलं, सगळा कॅन अंगावर ओतला, माझा टॉवेल भिजवून डोक्याला गुंडाळला आणि गाडीत घातलं. वाटेत मी काय बडबडत होतो देव जाणे. मामालाच शिव्या घालत होतो बहुतेक. "आता बोलावलंस ना? मग वाचव की त्याला!"

वैरागच्या दवाखान्यात सलाईन लावलं, बर्फ आणला. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, वाचला. मग विचारलं, "त्याच्यासोबत कोण होतं? तुम्हाला वेळेवर कुणी कळवलं?"

मी खिशातलं लाल पेन मुठीत धरलं आणि सिद्रामच्या खाटेकडं गेलो. 

सिद्राम शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच विचारलं. "तू लाईट मारलीस?"

"कशानं मारू अण्णा? पेन तर तुमच्या खिशात. मला चक्कर आली तेवढं ध्यानात हाय, फुडचं कायबी न्हाय."

"तंबूपाशी कुणी आलं होतं?"

"कुनीबी न्हाय."

इथंच थांबलं असतं तरी मी मनाची काहीतरी समजूत घातली असती. उन्हाची तिरीप, माझ्या डोळ्याची भूल, काहीही. पण पोराला बरं वाटल्यावर आम्ही ती केबल उजेड तपासायच्या मशिनवर लावली आणि मशीन सांगायला लागलं की केबल मध्येच तुटलीय. जागा काढून खणलं. कुणीतरी पाइपलाइनसाठी जेसीबी लावून ती कधीच तोडली होती आणि वरून माती लोटून मोकळा झाला होता. दोन टोकांत हातभर अंतर. मध्ये घट्ट माती, आणि टोकांभोवती बाभळीच्या मुळ्यांनी विळखा घातलेला. कालपरवाचं तुटलेलं नव्हतं ते. सगळ्या तारा तुटलेल्या, तपकिरीसुद्धा.

म्हणजे त्या दिवशी माळावरून कुणी सर्चलाइट जरी मारला असता, तरी तो पंचायतीत पोचला नसता.

आमच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "सिद्रामबरोबर तुलाही ऊन लागलं होतं." मी रेखाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी सावलीत हुते की भाऊ. मला कशाचं ऊन लागतंय?"

मग मामीकडं गेलो. म्हटलं, हिला तरी बरं वाटेल. मामा गेला, पण जाऊनसुद्धा कुणाचंतरी लेकरू वाचवलं. मी सगळं सांगितलं. मामी ज्वारी निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. मला वाटलं, आता पदर डोळ्याला लावेल, म्हणेल की लई पुण्यवान माणूस.

ती म्हणाली, "म्हादू, त्यांच्या हातात ते पेन हुतं न्हवं? सेल उतरल्यालं?"

"हो."

"मग त्या दिशी बी त्यांनी असंच बोलावलं आसंल का रं? आन् समोर कोन न्हवतंच बघायला..."

मंडळी, त्या क्षणापासून मला नीट झोप नाही. इतके दिवस मी म्हणत होतो की मामानं सिद्रामसाठी हाक मारली. मामीनं विचारलं आणि तेच सगळं उलटं दिसायला लागलं. ती हाक सिद्रामसाठी नसेलच तर? मामाची स्वतःचीच असेल तर? बंद तंबूत, जीव घाबरा झालेला, मुठीत पेन, आणि रिकाम्या पंचायतीकडं तो एकसारखा ये, ये, येऽऽ करत राहिलेला... सेल संपेपर्यंत. उजेडाला एवढासा पल्ला गाठायला डोळ्याची पापणी लवायलाही वेळ लागत नाही, हे मला त्यानंच शिकवलंय. मग वर्षभर तो उजेड होता कुठं?  कुणाकडं याचं उत्तर असेल तर सांगा, खरंच सांगा.

गावात आता नेट आलंय. म्हाताऱ्यांना गच्चीवर चढावं लागत नाही. रेखाताईंनी मशिनला पुन्हा माळ घातली. तुटलेल्या सगळ्या तारा मी जोडल्या, तपकिरी तेवढी नाही. कागदोपत्री ती शिल्लक म्हणून दाखवलीय. साहेबांनी कारण विचारलं तर म्हटलं, गरज नाही. खरं कारण असं की तुटलेली होती तेव्हा तिच्यातून हाक आली, आणि जोडल्यावर ती बंद पडेल अशी मला भीती वाटते.

त्या बाजूला काम निघालं की मी पंचायतीत जातो. रेखाताई काही विचारत नाहीत, चहा टाकायला निघून जातात. मी भिंतीवरची तारांची डबी उघडतो, तपकिरी तार काढतो, मामाचं पेन लावतो आणि एक लांब उजेड सोडतो. आलोऽऽ. मध्ये बाभळीपाशी तार तुटलीय, तिथल्या मातीत तो विझतो, हे मला पक्कं माहीत आहे. तरी थोडा वेळ टोक तळहातासमोर धरून बसतो. काही येत नाही. मग टेप गुंडाळतो, शेवट दुमडून कान ठेवतो आणि डबी बंद करतो.