वैजूला मी नवसाला नेलं नव्हतं

सहा आठवडे झाले. सकाळी दाढी करत होतो, गालाला फेस होता, आणि मन्नाएखेळ्ळीहून कमळाचा फोन आला. "अण्णा, वैजू गेला. झोपेतच गेला." वैजनाथ माझा चुलतभाऊ, कमळा त्याची सख्खी बहीण. दहा दिवस राहतो म्हणून तो तिच्याकडे गेला होता. फोन ठेवून मी उरलेली दाढी पुरी केली. लिहायला लाज वाटते, पण मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आता त्याला काही सांगावं लागणार नाही... रडू नंतर आलं.

राजेश्वरजवळच्या आमच्या गावात त्याची ओळख एकच उरली होती, शरणप्पाचा खून करून जन्मठेप भोगून आलेला वैजू. ती ओळख त्याला मी दिली. ते कसं झालं, हे सांगायला आता माझ्याशिवाय कुणी नाही.

आई-वडील लवकर गेल्यामुळे तो आमच्याच घरात वाढला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. बिघडलेल्या मोटारीला कान लावायचा आणि म्हणायचा, "अण्णा, हिला तुमच्यावाणीच झालंय, नुसती गुरगुरायली." सत्ताविसाव्या वर्षी तोच कान त्याच्यावर उलटला. विहिरीतून माणसं बोलतात म्हणायला लागला. "तुमाला ऐकू येईना व्हय?" असं मलाच विचारायचा. मी हसण्यावारी नेलं. मग त्यानं विहिरीचं पाणी सोडलं. शेजारच्या शेताचे शरणप्पा त्यात औषध कालवतात, असं त्याच्या मनानं घेतलं. ज्या शरणप्पांना तो लहानपणापासून मामा म्हणायचा, त्यांना बघितलं की थरथरायचा.

आमच्या भागात घरात कुणाचं डोकं फिरलं तर कुणी तसं बोलून दाखवत नाही. दर्ग्यात नेऊन चाळीस दिवस ठेवतात आणि गावात सांगतात, नवसाला गेलेत. ऐकणाराही सगळं समजून "कवा फिटंल?" एवढंच विचारतो. मीही वैजूला असंच नेलं. तिथं लिंबाच्या झाडाला त्याला साखळीनं बांधलं. कुलूप मी लावायचो, किल्ली माझ्या करदोट्याला असायची. "अण्णा, पाय दुखायलाय की, जरा सोडा," म्हणायचा. चाळीस दिवसांनी जरा शांत वाटला म्हणून घरी आणला. डॉक्टरला दाखवलं नाही. कमळाला सासरी निरोप दिला तोही नवसाचाच.

दोन महिन्यांनी तुरीच्या राशीच्या वेळी शरणप्पा बांध ओलांडून तांब्याभर पाणी घेऊन आले. वैजूनं त्यांच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. मी धावत पोचलो तेव्हा तो पळाला नव्हता. आपला पटका त्यांच्या अंगावर पसरून बसला होता आणि त्यांचा खांदा हलवत होता. "मामा, उठा की. ऊन व्हायलंय."

वकिलांनी मला समजावलं होतं. आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे कळण्याची ताकदच आजारानं काढून घेतली असेल, तर कायदा त्या माणसाला गुन्हेगार धरत नाही. त्याला बंदोबस्तात ठेवतील, उपचार करतील. पण तो आजार शाबीत आपल्याला करायचा असतो. दवाखान्याचा कागद नव्हता, दर्ग्यात कसली नोंद नव्हती. होतो तो मी.

साक्षीच्या महिनाभर आधी माझ्या मुलीची, सुरेखाची, सोयरीक मादन हिप्परग्याला जुळली होती. सुपारी फुटताना व्याह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पाव्हणं, रक्तात काय न्हाई न्हवं?" साक्षीच्या दिवशी ते कोर्टात शेवटच्या बाकावर येऊन बसले. वकिलांनी विचारलं, याला तुम्ही साखळीनं बांधलं होतं का? मी म्हणालो, नाही. मग चाळीस दिवस तिथं कशाला राहिलात? नवस होता. याच्या वागण्यात कधी काही वावगं दिसलं? कधीच नाही. वैजू पिंजऱ्यात उभा होता. माझ्याकडे बघून त्यानं नमस्कार केला.

सरकारी वकिलांनी बांधाचं जुनं भांडण उकरून काढलं आणि शिक्षा लागली. सुरेखाचं लग्न ठरल्या दिवशी झालं. ती सुखात आहे. तिला हे आज वाचूनच कळेल.

तुरुंगातल्या डॉक्टरांनी त्याचा आजार ओळखून गोळ्या सुरू केल्या. विहिरीतले आवाज थांबले. शिक्षेत सूट मिळून तो पाच वर्षांपूर्वी सुटला आणि मागच्या खोलीत राहायला आला. एकदा ओट्यावर बसलेलो असताना आपणहून बोलला, "अण्णा, मला लई वाटायचं, त्या दिवशी मी माझ्यात नव्हतो. मग तुमची साक्ष आठवायची. अण्णा खोटं कामून बोलतील? म्हंजे मामाला मी शहाण्या डोक्यानंच मारलं."

मी म्हणालो, "चहा थंड व्हायलाय, पी."

एवढंच बोललो. त्यानं चहा प्यायला.

वैजूचे दिवस झाल्यावर कमळाला सगळं सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "कोर्टात तुमी भ्यालाव, समजलं. घरी आल्यावर कुणाला भ्यालाव, अण्णा? त्याला एकट्याला सांगितलं असतं तरी त्यो जरा सुखानं झोपला असता."

तुरुंगात गोळी गिळल्यावर तोंड उघडून, जीभ वर करून दाखवावी लागे. कुणी लपवून थुंकू नये म्हणून. बाहेर आल्यावरही वैजूची ती सवय सुटली नाही. रोज सातला ओट्यावर यायचा, गोळी गिळायचा आणि माझ्यासमोर तोंड उघडून उभा राहायचा. "मला कशाला दाखवायलास रे?" म्हटलं, तर म्हणायचा, "तुमी बघितलं म्हंजे पक्कं." मी त्याच्या जिभेखाली बघायचो आणि मान हलवायचो. मग तो जायचा.

अजून सातला मी ओट्यावर येऊन बसतो. समोर कुणी नसतं... तरी मान हलते.