ब्रेकला लावलेलं तेल

भाऊ जाऊन आता तीन महिने होत आले. भेटायला येणारी माणसं अजून त्याच्या गाड्यांच्या आठवणी काढतात. तुझा भाऊ भारी बेधडक, असं म्हणतात. मी मान हलवते आणि चहा ठेवायला आत जाते. तो बेधडक नव्हता, हे मी एका दुपारी बांद्याला पाहिलं होतं. ती दुपार त्याने कधी कोणाला सांगितली नाही, मीही सांगितली नाही. ज्यांच्यापासून लपवायची होती ते आई-बाबा केव्हाच गेले. आता तोही गेला. म्हणून लिहिते आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. देशभरातल्या नवशिक्या मुलांसाठी उघड्या चाकांच्या गाड्यांची एक मालिका त्या वर्षी पहिल्यांदाच सुरू झाली होती. सगळ्यांना सारखंच इंजिन, रस्त्यावर नव्याने दिसू लागलेल्या छोट्या मोटारीचं. वर छप्पर नाही, चाकं अंगाबाहेर, आणि चालवणारा जमिनीपासून वीतभर उंचीवर जवळजवळ आडवा झालेला. कोल्हापूरच्या ज्या गॅरेजात भाऊ काम शिकत होता, तिथल्या मालकांनी अशी एक गाडी बांधली आणि याला चालवायला दिली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, मालवणच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करत होते.

दुसऱ्या शर्यतीत त्याची गाडी कठड्यावर आदळली. त्याला हनुवटीला चार टाके पडले आणि गाडीचा पुढचा सांगाडा वाकला. ट्रॉलरचं वेल्डिंग करणारा एक कसबी माणूस मालवणात होता. त्याच्यावर भावाचा फार विश्वास, म्हणून गाडी टेम्पोत घालून आमच्या घरापुढच्या खळ्यात आली. बाबा शिक्षक. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, भावाच्या हनुवटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मद्रासची शर्यत करून ये. ती शेवटची." जेवताना भाऊ मला हळूच म्हणाला, "पयल्या पाचात इलंय तर बाबा पण नाय म्हणूचे नाय."

गाडी नीट झाली. पुढच्या दोन चाकांना नवे टायर बसवायचे होते, ते म्हापशाला मिळणार होते. तो दोन्ही चाकं काढून घेऊन एसटीने गेला. दोन दिवसांनी टेम्पोवाल्याने मालवणहून गाडी उचलायची, भावाने चाकांसह दुपारी गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याला टेम्पोत चढायचं आणि घाट चढून मद्रासकडे निघायचं, असं ठरलं. जाताना मला म्हणाला, "ताये, गाडयेक जप हां. कोणाक हात लावूक देव नको."

मी जपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट काढून पाहिलं तर पुढे, जिथे चाकं असतात तिथल्या दोन गोल तबकड्यांवर तांबूस गंज चढलेला. रात्रभर खारा वारा होता. काल आरशासारख्या दिसणाऱ्या त्या तबकड्या बघवेनात. आमच्याकडे लोखंड उघडं ठेवायची रीत नाही. विळी, कोयता, कुलूप, सायकलची साखळी, सगळ्यावरून आईचा तेलाचा बोळा फिरायचा. मीही तेच केलं. पॉलिश पेपरने गंज घासून काढला, आईच्या शिवणाच्या मशीनची तेलाची कुपी आणली आणि दोन्ही तबकड्यांना दोन्ही बाजूंनी तेल लावलं. मग जुन्या धोतराच्या फडक्याने इतकं चोळलं की तेल दिसेना, नुसती चकाकी राहिली. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "बरा केलंस गो. खूश जायत तो."

तिसऱ्या दिवशी नऊ वाजता टेम्पो आला. चार माणसांनी गाडी उचलून आत ठेवली आणि टेम्पो गेला.

मी वाचनालयात गेले. भावाने परत केलेलं मोटारदुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक टेबलावर पडलं होतं. ते मी का उघडलं, हे खरं सांगायचं तर मला स्वतःला शाबासकी द्यायची होती. त्या तबकड्यांना काय म्हणतात, त्यांची निगा कशी राखतात, हे बघावं आणि भावाला पत्रात लिहावं, असं मनात होतं. चित्र सापडलं. गाडी थांबते ती त्या तबकड्यांना दोन बाजूंनी पॅड आवळल्यामुळे. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की या भागाला तेल किंवा ग्रीसचा स्पर्शही होऊ देऊ नये, ब्रेक लागणार नाहीत.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग शब्दकोश काढला. एकही शब्द मला अडलेला नव्हता, तरी काढला.

साडेदहा वाजले होते. भाऊ चाकं बसवेल, तबकड्या चकचकीत दिसतील, ताईने जपली म्हणून खूश होईल. आणि पहिल्या वळणावर पाय दाबेल. ती हनुवटी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. पोस्टात जाऊन बांद्याच्या एका दुकानाला फोन लावायला सांगितलं. अर्धा तास लाइन मिळाली नाही. शेवटी पोस्टातले काकाच म्हणाले, "एसटीन गेलंस तर बेगीन पोचशीत."

कुडाळला गाडी बदलायची होती. पुढची गाडी उभी होती, चालक चहाला गेला होता. मी दारातल्या बाकावर बसून घड्याळ बघत राहिले. कंडक्टर म्हणाला, "घड्याळाक बघून गाडी बेगीन जाणा नाय गो बाय. सासरी चललंस काय?" दोन-चार माणसं हसली. माझं लग्न ठरत नव्हतं, हे त्याला माहीत नव्हतं. इतर वेळी ते वाक्य मला आठवडाभर पुरलं असतं. त्या दिवशी मी नुसतं विचारलं, "बांद्याक किती वाजता?" माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो हसायचा थांबला आणि चालकाला हाक मारायला स्वतः उतरला.

सावंतवाडीच्या पुढे प्रत्येक टेम्पो समोरून येणारा असला तरी मला तोच वाटायचा.

बांद्याला उतरले तेव्हा दोन वाजून गेले होते. खाणावळीसमोर टेम्पो उभा होता. चाकं आत चढवून भाऊ मागची फळी लावत होता, टेम्पोवाला इंजिन सुरू करून बसला होता.

"काय गो, तू हंय खंय?" भाऊ म्हणाला.

टेम्पोवाला खिडकीतून ओरडला, "बहीण इली रे तुजी! डबो विसरलंस काय? मद्रासेक सोलकढी मिळाची नाय!"

खाणावळीच्या पायरीवरची माणसंही हसली. मला त्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं. भावाला बाजूला बोलवावं म्हणून तोंड उघडलं आणि सगळ्यांच्या देखत बोलून गेले, "ब्रेकाक मी तेल लायलंय."

"खयचा तेल?"

"मशीनीचा. फुडच्या दोनय तबकड्यांक. गंज इल्लो म्हणून."

टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. भाऊ फळी धरून तसाच उभा राहिला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि एक हात हनुवटीवरच्या टाक्यांकडे गेला होता. मग म्हणाला, "माका कळला नसता, ताये."

गाडी उतरवली. हसणारी माणसंच हात लावायला आली. भावाने गाडीच्या टाकीतून नळीने पेट्रोल काढलं, तबकड्या तीनदा धुतल्या. पॅड काढून नाकाजवळ धरले. तेल तिथेही पोचलं होतं. दुसरे पॅड जवळ नव्हते. कुंपणाला रचलेला जांभ्या दगडाचा एक चिरा त्याने ओढून घेतला आणि त्याच्या खरबरीत अंगावर पॅड घासू लागला. लाल भुकटी पडत होती. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाला, "लांब रव." मी लांब राहिले.

चाकं बसवली. बाजार संपल्यावर एक सरळ, रिकामा रस्ता होता. दुपारी तिथे चिटपाखरू नव्हतं. त्याने कडेला तो चिरा ठेवला आणि मला म्हणाला, "हंय उभी रव. चिऱ्याकडे थांबवतंय. तू रवलंस तर माका सरळ दिसतला."

"आणि नाय थांबली तर?"

"तू कडेक आसंस," तो म्हणाला. "मी नाय."

पहिल्यांदा गाडी आली ती माझ्यासमोरून निघून गेली. तिचं तोंड डावीकडे ओढलं गेलं, चाकांतून धूर आला आणि ती वीसेक पावलं पुढे जाऊन गटाराच्या काठावर थांबली. तो उतरला. पुन्हा पॅड काढले, पुन्हा घासले. दुसऱ्या वेळी गाडी सरळ राहिली, पण चिऱ्याच्या पुढे गेली. तिसऱ्या वेळी येताना मला त्याचे डोळे दिसले. तो चिऱ्याकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. मला मागे सरकावंसं वाटलं. मी सरकले असते तर त्याची खूण हलली असती. मी साडीचा पदर मुठीत धरून उभी राहिले.

गाडी चिऱ्याशी थांबली. मग चौथ्यांदा, पाचव्यांदाही तिथेच थांबली.

तो बाहेर आला आणि गाडीला टेकून रस्त्यावरच बसला. टेम्पोवाल्याने ते पाहिलं आणि मुद्दाम पाठ फिरवून विडी पेटवली. भाऊ म्हणाला, "घराकडे सांगू नको. बाबा धाडूचे नाय."

"तुका जावचा आसा?" मी विचारलं.

तो तबकडीला हात लावून बघत होता. गरम होती, हात झटकला. "जातंय," म्हणाला.

मी संध्याकाळच्या एसटीने परतले. चार दिवस वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी चुकवत होते. वाचक चांगले होते, कोणी काही बोललं नाही.

पाचव्या दिवशी तार आली. बाबांनी ओटीवर उभं राहून मोठ्याने वाचली. सातवा आलो. ब्रेक उत्तम. उद्या निघतो.

"सातवा," बाबा म्हणाले. त्यात सुटका होती. मग त्यांनी तार पुन्हा डोळ्यांजवळ नेली. "तारेत ब्रेकचं काय मध्येच? हे कोणाला हवंय?"

आई म्हणाली, "आसात कायतरी त्येंच्या गाडयेचा."

मी आत गेले आणि मशीनची कुपी जागेवर आहे का ते पाहिलं.